नकाराची नोंद

रुगेत गावच्या नाचाच्या फेरात मुली नकार देत नाहीत, हे साबिनाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. का देत नाहीत, हे मात्र उन्हाळा सरत आला तरी कळेना, आणि तिचं घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं.

बुखारेस्टहून आलेल्या समाजशास्त्राच्या तुकडीचा मुक्काम गावच्या शाळेत होता. बाकं भिंतीला लावून मधल्या जागेत पेंढ्याच्या गाद्या टाकल्या होत्या. सकाळी जो तो आपला विषय घेऊन गावभर भटके. कुणी अंगाईगीतं उतरवून घेई, कुणी शेताच्या बांधांचे नकाशे काढी. वैद्यकीचा विद्यार्थी तिबेरियू चिमट्यासारखं यंत्र घेऊन लोकांच्या डोक्यांची मापं घ्यायचा, आणि गावच्या बायका त्याला रोज विचारायच्या, "काय रे बाबा, टोप्या येणार कधी?" साबिनाच्या वाट्याला रविवारचा फेर आला होता. सगळ्यांना तो हलका विषय वाटला. पोरापोरींचा नाच बघायचा आणि लिहायचं, त्यात काय मोठंसं?

पण त्यात सगळं गाव होतं. दुपारची जेवणं झाली की चर्चमागच्या कुरणावर व्हायोलिनवाले येत, हातात हात घालून होरा हा गोल नाच सुरू होई, आणि बाकांवर बसलेल्या आया पोरींच्या पावलांकडे नव्हे, हातांकडे बघत. कुणाचा हात कुणी धरला, यावरून शरद ऋतूतली लग्नं ठरत. ज्या मुलीला फेरात जागा नाही, तिला रुगेतमध्ये नवरा नाही. वाजवणाऱ्यांना वर्षभरासाठी गावची पोरं वर्गणी काढून बांधून घेत, त्यामुळे सूर पोरांचे, थांबणं पोरांचं. मुलींचे फक्त पाय.

रोज संध्याकाळी शाळेत बैठक बसे आणि प्रत्येकाने दिवसभराचं टिपण वाचून दाखवायचं असे. तुकडीचे प्रमुख ट्रायान सर सडपातळ, मृदू बोलणारे गृहस्थ होते, पण टिपणात एक विशेषण जास्त आलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

"नियम पाळला जातोय तोवर तो दिसत नाही, साबिना," ते म्हणाले. "मोडला की दिसतो. मोडणाऱ्याचं गाव काय करतं ते बघ, म्हणजे नियम कळेल."

"पण सर, इथे कुणी मोडतच नाही!"

"मग थांब."

"पुढच्या रविवारनंतर एकच रविवार उरतो. मग आपण निघणार."

"मग विचार लोकांना. मात्र उत्तर त्यांच्या तोंडात घालायचं नाही. बघायचं, ऐकायचं, हात लावायचा नाही."

तिने विचारलं. घरोघरी जाऊन, ठरवून दिलेल्या शब्दांत, ठरवून दिलेल्या क्रमाने विचारलं. मुलगा हात पुढे करतो तेव्हा मुलगी नाही म्हणू शकते का? मुली डोक्यावरच्या रुमालाआड हसल्या. कुणी म्हणाली, "नाही कशाला म्हणायचं?" कुणी म्हणाली, "कुणीच म्हणत नाही." पाद्र्याची म्हातारी बायको शेंगा सोलता सोलता म्हणाली, "आमच्या वेळी म्हणाली होती एक."

"मग?"

"मग काय, गेली."

"कुठे गेली?"

"गेली," म्हातारी म्हणाली आणि पुढची शेंग सोलू लागली. पालथ्या घड्यावर पाणी.

साबिना दुपारी जेवायला फिरा मावशीकडे जायची. फिरा मावशीचा नवरा वारला होता, घरचा कर्ता मुलगा सिमियोन. त्याच्या पाठची सालोमिया. ही सालोमिया तिखट जिभेची पोर होती, आणि खरं सांगायचं तर अख्ख्या गावात साबिनाला मैत्रीण म्हणावी अशी तीच एक होती. दोघी एका वयाच्या. त्या दिवशी सालोमिया ओढ्यावर भिजत घातलेला ताग उलटापालटा करत होती, गुडघाभर पाण्यात उभी, आणि साबिना काठावर कागद मांडीवर घेऊन बसली होती.

"तुम्ही रोज तेच विचारता, बाई," सालोमिया म्हणाली. "एखाद दिवशी आमची गाय काय खाते, ते तरी विचारा."

"गाईचं दुसऱ्याकडे आहे. तू सांग. समज, पावेलने हात पुढे केला आणि तुला नाचायचं नाही."

"समजायचं कशाला? नसतंच मला नाचायचं."

"मग काय करतेस?"

"नाचते."

पावेल म्हणजे वरच्या आळीतला, गावच्या पोरांचा पुढारी. वर्गणीत सगळ्यात मोठा वाटा त्याचा, त्यामुळे वाजवणारे त्याच्या बोटाकडे बघत. सालोमियाने तागाची जुडी काठावर आपटली आणि उजव्या हाताची बोटं पुढे केली.

"हात धरला की तो अशी बोटं चिरडतो. हाडं वाजेपर्यंत. आणि हसत हसत तोंडाकडे बघतो, माझं तोंड वाकडं होतंय का. लोकांना वाटतं, काय गोड जोडी आहे! मी तोंड वाकडं होऊ देत नाही. दोन वर्षं झाली."

साबिनाच्या डोक्यात सणक गेली. तिने पेन्सिल खाली ठेवली. आता समाजशास्त्राचं पहिलं पुस्तक वाचलेलं पोरही सांगेल, की विचारणाऱ्याने आपलं मत गिळून पुढचा प्रश्न विचारायचा असतो. पण समोर मैत्रीण होती, आणि तेवढ्यात सालोमियानेच विचारलं, "तुमच्या शहरात काय करतात हो अशा वेळी?"

"आमच्याकडे? आम्ही म्हणतो, 'आज नको.' छान हसून म्हणायचं."

"मग तो काय करतो?"

"काय करणार? दुसरीकडे जातो. काही होत नाही गं."

"काही होत नाही," सालोमिया पुटपुटली आणि पुन्हा पाण्यात वाकली.

साबिना परत निघाली तेव्हा तिला बरं वाटत होतं. एका मुलीला धीर दिल्याचं समाधान होतं. पण खोटं कशाला बोला? मनाच्या एका कोपऱ्यात हेही होतं, की ही पोर म्हणालीच 'नको', तर आपल्या टिपणाला हवी ती घटना मिळेल. त्या कोपऱ्याकडे तिने बघितलं नाही, एवढंच.

रविवारी ऊन चांगलं होतं. साबिना नेहमीच्या जागी, भिंतीजवळ उभी होती. दुसरा नाच संपला, पोरं जागा बदलू लागली, आणि पावेल सालोमियापुढे आला. त्याने हात पुढे केला.

"आज नको," सालोमिया म्हणाली. छान हसून म्हणाली.

पावेल रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. त्याने वाजवणाऱ्यांकडे बघून एक बोट उचललं. सूर मध्येच तुटला. मग त्यांनी वेगळंच काहीतरी धरलं, पलटणीत भरती झालेल्या पोरांना वेशीपर्यंत पोचवताना वाजवतात तसली कूच. फेर रस्त्याच्या बाजूने उघडला. सालोमियाच्या दोन्ही बाजूंच्या मुलींनी तिचे हात सोडले आणि स्वतःच्या पायांकडे बघू लागल्या. तिला कुणी ओढलं नाही, ढकललं नाही. त्याची गरजच नव्हती. ती चालू लागली, आणि पोरांनी तोंडात बोटं घालून पहिली शिट्टी मारली.

साबिनाची पेन्सिल चालत होती. हे असं घडतं तर! पहिली शिट्टी कुणाची, माना कुणी फिरवल्या, बाकावरून फिरा मावशी उठली तेव्हा शेजारच्या दोघी कशा सरकल्या. सिमियोनही तिने टिपला. तो पोरांच्या रांगेत होता, कारण तोही वर्गणीदार होता. पहिल्या शिट्टीला त्याचं तोंड बंद होतं. मग आजूबाजूच्या पोरांनी त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्या शिट्टीला त्याने दोन बोटं तोंडात घातली.

सालोमिया भिंतीजवळून गेली तेव्हा तिने साबिनाकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, हाताकडे. साबिनाचा हात तेव्हाही लिहीत होता. ती शरमेने जागच्या जागी मेली, पण वाक्य पुरं केल्यावर.

संध्याकाळी बैठकीत तिने टिपण वाचलं. वाचून झालं तेव्हा ट्रायान सरांनी चष्मा काढून पुसला.

"या उन्हाळ्यातलं सर्वांत उत्तम टिपण," ते म्हणाले. "वर्षानुवर्षं थांबलं तरी असं डोळ्यांपुढे घडत नाही."

"सर, एक शंका," तिबेरियू म्हणाला. "इतकी वर्षं घडलं नाही, ते याच रविवारी बरं घडलं? त्या मुलीला 'आज नको' हे सुचलं कुठून? हे तर आपल्याकडच्या पोरींचं बोलणं वाटतं."

साबिनाने सांगून टाकलं. ओढा, ताग, पावेलची बोटं, सगळं. सरांनी चष्मा पुन्हा चढवला.

"म्हणजे हे निरीक्षण नव्हे. हे तू घडवलेलं आहेस. हे वापरता येणार नाही."

"टिपण जाऊ द्या, सर! त्या मुलीचं काय?"

"आपण पाहुणे आहोत. आपण गावात ढवळाढवळ करत नाही."

"केली की करून," तिबेरियू म्हणाला. "आता हात झटकून बाजूला व्हायचं, तीसुद्धा ढवळाढवळच आहे, सर."

सरांनी पुढच्या मुलाला बांधांचा नकाशा दाखवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी फिरा मावशीने मक्याच्या पिठाची घट्ट मामालीगा ताटात वाढली, दूध ठेवलं, आणि पाठ फिरवून चुलीकडे तोंड केलं. सालोमिया वरच्या खोलीतून खाली आली नाही. दोन दिवस असंच चाललं. तिसऱ्या दिवशी साबिनाने ताट बाजूला सारलं.

"मावशी, मला बोला, शिव्या द्या. पण काहीतरी बोला."

"शिव्या देऊन काय होणार, बाई? तुम्ही शिकलेल्या, तुमचं बोलणं गोड. आमची पोर वेडी, तिला खरं वाटलं."

"यातून काही मार्ग असेल ना?"

"आहे. रविवारी भावाने तिला हाताला धरून फेरात न्यायचं आणि तिचा हात पावेलच्या हातात द्यायचा. त्याने सगळ्यांदेखत तिला फिरवली की सुटली. सिमियोन जाऊन पाय धरून आलाय त्याचे. पावेल हो म्हणालाय."

"मग झालं की!"

"काय झालं?" फिरा मावशी पहिल्यांदा वळली. तिचे डोळे सुजले होते. "ज्याने फेरात माघारी घेतली, त्याचीच ती होते. दुसरा कुणी मग तिच्या वाटेला जात नाही. माझ्या पोरीची बोटं मी रात्री तेल लावून चोळलीत, बाई. मला काय ठाऊक नाही?"

साबिनाने विचारलं, "दुसरा मार्गच नाही?"

"दोष दुसऱ्याने आपल्या अंगावर घेतला आणि तो फेराबाहेर गेला, तर पोर मोकळी. पण असं कोण कुणासाठी करतंय?"

साबिना ताट तसंच टाकून उठली. तिला एकदम हलकं वाटलं. एवढंच ना? ती करणार होती. सरांना विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, म्हणून तिने विचारलं नाही.

शेवटच्या रविवारी ती भिंतीजवळ उभी राहिली नाही. कागदपेन्सिल शाळेत ठेवून सरळ फेरात जाऊन उभी राहिली. मुलींनी जागा करून दिली. आया बाकांवर कुजबुजल्या. भिंतीपाशी ट्रायान सर उभे होते, ते नुसते बघत राहिले. पावेलला गंमत वाटली असावी. सालोमियाला आणायला अजून वेळ होता, तोवर शहरच्या बाईला नाचवावं, असा त्याने विचार केला आणि हात पुढे केला.

"आज नको," साबिना म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सालोमियाला हे मी शिकवलं. दोष माझा आहे. तिला काही बोलू नका."

ती वाट बघत उभी राहिली. कान कूच ऐकायला टवकारले होते. रस्त्यापर्यंत कसं चालायचं, मान कशी ताठ ठेवायची, हे तिने मनाशी घोकलं होतं. वाजवणाऱ्यांनी पावेलकडे पाहिलं. पावेलचं बोट उचललं गेलं नाही. त्याने हॅट काढली आणि दिलखुलास हसला.

"बाई दमल्यात बहुतेक! अरे, कोण आहे तिकडे? बाईंना बसायला द्या काहीतरी!"

स्टूल आलं. कुणीतरी आलुबुखाराच्या दारूचा लहानसा पेलाही आणला. कुणाच्या मनात वाकडं नव्हतं, सगळे मनापासून अदबीने वागत होते. साबिना बसली. गाणं पुढे सुरू झालं. जिला कधी आत घेतलंच नव्हतं, तिला बाहेर कुठून काढणार? तीन महिने ती या गावाचे नियम शोधत होती, आणि ते आपल्याला लागूच नाहीत, एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं.

पेला तसाच खाली ठेवून ती उठली आणि चर्चच्या बाजूला गेली. तिथे दगडी कुंपणाआड सालोमिया भरतकामाचा झगा घालून उभी होती. सिमियोन तिला न्यायला येणार होता. कुंपण कमरेएवढंच होतं, तिने सगळं पाहिलं होतं.

"तुम्हाला स्टूल मिळालं," सालोमिया म्हणाली.

"मला वाटलं होतं, मी..."

"कळलं मला. वाईट नाही वाटलं मला. पण एक सांगते. तुम्हाला वाटतंय, नको म्हणायला मी तुमच्याकडून शिकले. तसं नाही. ते नको माझं होतं, दोन वर्षं पोटात होतं. 'काही होत नाही' तेवढं तुमचं."

साबिनाने मान हलवली.

"उन्हाळाभर तुम्ही विचारलंत. आज मी एक विचारते," सालोमिया म्हणाली. "मी जाताना मागे वळून पाहिलं नाही. तुम्ही सगळं बघितलंत, लिहिलंत. सिमियोनने शिट्टी मारली का? तो शपथ घेऊन सांगतो, नाही मारली. आत्ता तो येईल आणि माझा हात धरेल. कुणाच्या हातात हात देतेय, ते मला कळायला हवं."

कुरणावर पोरांनी आरोळी ठोकली. साबिनाच्या जिभेवर 'नाही' तयार होतं. नाही म्हटलं की ही पोर भावाचा हात धरेल, फेरात जाईल, पावेलची होईल, आणि गावात तिला जागा राहील. खरं सांगितलं तर काय होईल, कुणास ठाऊक. ओढ्यावर बोलताना आपल्या शब्दाने काही होईल असं तिला वाटलं नव्हतं. या वेळी नक्की होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"पहिल्या शिट्टीला तो गप्प होता," ती म्हणाली. "मग पोरांनी त्याच्याकडे बघितलं. दुसऱ्या वेळी त्याने मारली."

"जोरात?"

"हो."

सालोमियाने झग्याची बाही सारखी केली. ती रडली नाही, चिडलीही नाही. "मला वाटलंच होतं," म्हणाली.

सिमियोन आला. दाढी केलेली, केस पाण्याने बसवलेले, बिचारा घामाघूम झाला होता. त्याने हात पुढे केला.

"चल, बाय. सगळे थांबलेत."

"तू हो पुढे, सिमियोन."

"अगं, असं कसं? मी न्यायचंय तुला."

"रस्ता माहीत आहे मला."

ती त्याच्या हाताजवळून निघून गेली. चर्चला वळसा घालून, रस्त्याच्या बाजूने, जिथून तिला घालवली होती तिथूनच ती एकटी आत शिरली आणि आपल्या जुन्या जागेवर जाऊन उभी राहिली. पावेलने हात पुढे धरला होता. तिने तिकडे पाहिलं नाही. वाजवणारे थांबले. मुलीला घालवायची कूच त्यांना येत होती, भावाने परत आणलेल्या मुलीसाठीही एक चाल होती. अशी आपली आपण आलेल्या मुलीसाठी काय वाजवायचं, हे त्यांच्यातल्या म्हाताऱ्यालाही ठाऊक नव्हतं. पावेलने बोट अर्धवट उचललं आणि पोरांकडे पाहिलं. पोरांनी सिमियोनकडे पाहिलं. तो नुकताच धावत येऊन रांगेच्या टोकाला उभा राहिला होता, धापा टाकत, हात खाली सोडून. पावेलचं बोट खाली आलं. म्हाताऱ्याने जरा वेळाने नेहमीचाच नाच सुरू केला.

सालोमियाचा हात कुणी धरला नाही. फेर तिच्या दोन्ही बाजूंनी तुटून पुढे जुळला आणि फिरू लागला. साबिनाला राहवेना, ती तिच्या शेजारी जाऊन उभी राहायला निघाली. सालोमियाने तिला येताना पाहिलं आणि नुसती मान हलवली. नको.

साबिना थांबली. सालोमिया संध्याकाळची घंटा होईपर्यंत तिथे एकटी उभी होती, आणि शेवटपर्यंत कुणीही शिट्टी मारली नाही.